नोकरी कंपनीची, फोन तुझा

प्रिय पोरी,

नागपूरच्या मिहानमधली, म्हणजे तिथल्या आयटी-उद्योग वसाहतीतली, नोकरी लागली याचा आनंद आहेच. त्याहून जास्त आनंद तू विचारलेल्या प्रश्नाचा झाला. हजेरीचं ॲप स्वतःच्या फोनवर टाकायला सांगितलंय, ते चोवीस तास लोकेशन मागतंय आणि तुमच्या बॅचमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, द्या परवानगी. दुसरा म्हणतो, कंपनीला आपली काहीच माहिती मागता येत नाही. मला दोन्ही पटत नाही.

पहिल्यांचं आधी घेते, कारण त्यांची संख्या जास्त असते. तू साडेनऊला ऑफिसात होतीस, एवढं कळलं की हजेरीचं काम झालं. लोकेशन ‘नेहमी’ ठेवलंस, तर ते ॲप तुझ्यासोबत खापरीहून मेट्रोत बसतं, रविवारी फुटाळा तलावावर येतं, आणि धंतोलीत तू कुठल्या दवाखान्यात किती वेळ होतीस तेही त्याला कळू शकतं. धंतोलीत तर दारावरच्या पाटीवरूनच आजाराचा अंदाज येतो. यात लपवाछपवी कुठे आली? कोणाला काय सांगायचं, हे तू ठरवायचं होतंस आणि ते तुझ्या हातातून गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

आता दुसरे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नाव ते घेतात, पण कलम ७ वाचत नाहीत. नोकरीच्या कारणासाठी, किंवा कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेताही वापरता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पीएफसाठी आधार, करासाठी पॅन, पगारासाठी बँक खातं हे द्यावंच लागणार. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण तुझा रविवार ‘नोकरीच्या कारणात’ कसा बसतो, हे विचारायला पूर्ण जागा आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. म्हणजे तुमच्या एचआरलाही आत्ताच घर आवरायचंय. प्रश्न विचारायला याहून चांगली वेळ नाही.

फोनचं आज संध्याकाळीच करून टाक. सेटिंगमध्ये त्या ॲपचं लोकेशन ‘ॲप वापरताना’ एवढ्यावर आण. हजेरी लागते का ते दोन दिवस बघ. बहुतेक वेळा लागते. ऑफिसचा मेल फोनवर हवाच असेल, तर आयटीवाल्यांना वर्क प्रोफाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला ऑफिसच्या ॲपसाठीचा वेगळा कप्पा, करून द्यायला सांग. त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. कंपनीचा ताबा तेवढ्यापुरता राहतो, नोकरी सोडलीस की ते तेवढंच पुसतात, तुझे फोटो जागेवर राहतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र जे करशील ते कंपनी बघू शकते असंच धरून चाल. तिथल्या ब्राउझरमध्ये स्वतःचं गूगल खातं उघडून सिंक चालू केलंस, तर घरचे पासवर्डही त्या लॅपटॉपवर येऊन बसतात. पोरं हे सर्रास करतात आणि मग कंपनीच्या नावाने ओरडतात.

आधारचंही तसंच. पीएफला पूर्ण नंबर लागतो. पण टूरवर हॉटेलसाठी कोणी कॉपी मागितली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून ते फुकट निघतं.

आता जे तू विचारलं नाहीस, पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय. मी हिंगणा एमआयडीसीत पर्सोनेल विभागात होते. आमच्याकडे कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद वेगळ्या कपाटात, कुलपात असायचे. पगार काढणाऱ्या कारकुनालाही ते उघडता यायचं नाही. आज त्या कपाटाच्या जागी एक फोल्डर असतो आणि तो कोणाकोणाला उघडतो, हे कोणी विचारत नाही. उद्या तुझ्यासमोर ग्राहकांच्या नंबरांची एक्सेल शीट येईल. घरी बसून काम उरकायचं म्हणून ती स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. मेलचा मसुदा सुधारून घ्यायला चॅटबॉटमध्ये टाकताना नावं, नंबर, खाते क्रमांक आधी काढून टाक. तुझ्या लोकेशनवर तू जेवढी हळवी आहेस, तेवढीच त्या अनोळखी माणसाच्या नंबरावरही राहा. नाहीतर तुझी तक्रार फक्त तुझ्यापुरतीच उरते.

एचआरला विचारशील ते लेखी, आणि साध्या भाषेत. कायद्याची कलमं पहिल्याच मेलमध्ये टाकू नकोस. समोरचा माणूस लगेच बचावात जातो. ‘हजेरीच्या ॲपमधून माझी कोणती माहिती घेतली जाते, ती कोण बघतं, मी नोकरी सोडल्यावर ती किती दिवस ठेवली जाते आणि ऑफिसच्या वेळेबाहेर लोकेशन बंद ठेवलं तर चालेल का, हे कृपया कळवावे,’ एवढंच लिही. एकटीने पाठवायला धाकधूक वाटत असेल, तर बॅचमधल्या चार-पाच जणांनी मिळून पाठवा. प्रोबेशनवर असताना ते जास्त बरं. पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझी,
काकू