मोबाईलवरचे आवाजाचे बटण आपल्याला हवे तसे वागावे, यासाठी काय करता येईल?

आपल्या अँड्रॉइड फोनबद्दल आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. गाणे बारीक करायला गेले की रिंग बारीक होते आणि मग महत्त्वाचे फोन कळत नाहीत, ते थांबावे. मेसेजचा आवाज रिंगपेक्षा हळू असावा. आणि रात्री इअरफोनवर अगदी खालच्या पायरीचा आवाजही मोठा वाटतो, तो आणखी उतरवता यावा. यासाठी एखादे ॲप घ्यावे का, असेही आपण विचारता. माझ्या मते पहिल्या दोन अडचणी फोनच्या सेटिंग्जमध्येच सुटतात, आणि ॲपचा विचार तिसरीसाठी, तोही सर्वांत शेवटी करावा. घरातल्या मंडळींचे फोन लावून देण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येत असल्यामुळे ही तक्रार मला चांगली परिचयाची आहे.

अँड्रॉइडमध्ये फोनचा असा एकच आवाज नसतो. मीडिया, रिंग, नोटिफिकेशन, अलार्म आणि चालू कॉल यांचे आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात आणि त्यांच्या पायऱ्याही सारख्या नसतात. मूळ अँड्रॉइडमध्ये, म्हणजे फोन कंपन्यांनी फेरफार न केलेल्या आवृत्तीत, मीडियाला १५ पायऱ्या असतात, तर रिंग आणि अलार्म यांना प्रत्येकी ७. त्यामुळे रिंग दोनतीन पायऱ्यांनी जरी खाली आली, तरी गर्दीत किंवा स्वयंपाकघरात ती ऐकू येईनाशी होते. बाजूचे बटण मात्र एकच असते आणि त्या क्षणी फोनवर काय चालू आहे हे पाहून ते कोणत्या आवाजाला हात घालायचा हे ठरवते. कॉल चालू असेल तर कॉलचा, व्हिडिओ चालू असेल तर मीडियाचा. खरा घोटाळा होतो तो काहीच चालू नसताना, किंवा गाणे नुकतेच थांबलेले असताना. अँड्रॉइड ९ येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, अशा वेळी बटण रिंगचा आवाज बदलत असे. त्या आवृत्तीपासून ते मूळ अँड्रॉइडमध्ये मीडियाकडे गेले. परंतु प्रत्येक कंपनी आपल्या फोनमध्ये यात फेरफार करते, म्हणून आपल्या फोनवर नेमके काय होते ते एकदा पाहून घ्यावे: काहीही चालू नसताना बटण दाबावे आणि पडद्यावर जी पट्टी येते तिच्यावर कशाचे चिन्ह आहे ते बघावे. तेथे घंटा किंवा फोन दिसला, तर आपल्या अडचणीचे मूळ तेच आहे. सॅमसंगच्या अनेक आवृत्त्यांत ही पट्टी विस्तारून उघडली की बटणे मीडियासाठी वापरण्याचा पर्याय मिळतो. तो चालू केला की रिंग बटणाच्या तावडीतून सुटते आणि पुढे ती फक्त सेटिंग्जमधून किंवा त्या विस्तारलेल्या पट्टीवरूनच बदलते. (आयफोन वापरणाऱ्या वाचकांना आवाज व स्पर्शकंप यांच्या सेटिंगमध्ये बटणांनी रिंगचा आवाज बदलू न देण्याची सोय असते. तेथे अलार्मचा आवाजही रिंगलाच जोडलेला असतो, म्हणून रिंग फार खाली ठेवून ती पक्की करू नये. सकाळी जाग येणार नाही.)

मेसेजचा आवाज रिंगपासून वेगळा करण्याची सोय मूळ अँड्रॉइडमध्ये बरीच उशिरा, २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ बरोबर मिळाली. आपल्या फोनच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये रिंग आणि नोटिफिकेशन यांच्या दोन पट्ट्या दिसत असतील, तर काम तेथेच झाले. एकच पट्टी असेल, तर ती रिंगसाठी पूर्ण वर ठेवावी आणि मेसेजसाठी मुळातच छोटा व मृदू असा टोन निवडावा. मला तर दोन पट्ट्या असलेल्या फोनवरही हाच उपाय अधिक पटतो, कारण त्रास बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीपेक्षा टोनच्या लांबीचा असतो. व्हॉट्सॲपमध्ये वैयक्तिक मेसेज आणि ग्रुप यांचे टोन निराळे ठेवता येतात, तेव्हा ग्रुपचा टोन ‘काही नाही’ असा करून टाकावा. अँड्रॉइड ८ पासून तर एकाच ॲपच्या निरनिराळ्या प्रकारच्या नोटिफिकेशनचा आवाज स्वतंत्रपणे बंद करता येतो, त्यामुळे खरेदीच्या ॲपमधील जाहिराती गप्प करून मालाच्या डिलिव्हरीची सूचना तेवढी चालू ठेवता येते.

रात्री रिंग हाताने खाली आणून सकाळी ती वर न्यायला विसरणे, हेही फोन चुकण्याचे एक कारण असते. त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ला, म्हणजे फोन गप्प ठेवणाऱ्या सोयीला, वेळापत्रक लावावे. त्यात निवडक माणसांचे फोन वाजू देता येतात, शिवाय एखाद्याने १५ मिनिटांच्या आत पुन्हा फोन केला तर तो वाजू देण्याचीही सोय असते.

आता इअरफोनचे. ब्लूटूथ असेल, तर अँड्रॉइड ६ पासून फोन आणि इअरफोन यांचा आवाज बहुधा एकत्र बांधलेला असतो आणि काही जोड्यांमध्ये त्याची पहिली पायरीच मोठी पडते. सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यातील ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’, म्हणजे आवाजाची ही एकत्र बांधणी, बंद करण्याचा पर्याय चालू करून इअरफोन पुन्हा जोडावा. मग इअरफोनचा आवाज त्याच्या स्वतःच्या बटणाने खाली ठेवता येतो आणि फोनच्या पायऱ्या त्याच्या आत बारीक बारीक चालतात. तेथील बाकीच्या पर्यायांना मात्र हात लावू नये. वायरचा इअरफोन असेल, तर गाण्याच्या ॲपमधील इक्वलायझरचे (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमीजास्त करण्याच्या सोयीचे) सगळे पट्टे सारखेच खाली ओढावेत. सुरावटीचा पोत न बिघडता एकूण आवाज उतरतो. सॅमसंगचा फोन असल्यास त्याच कंपनीचे साउंड असिस्टंट घ्यावे. त्यात बटणाची पायरी लहान करता येते आणि प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा ठेवता येतो.

एवढे करूनही भागले नाही, तरच बाहेरचे ॲप घ्यावे, आणि ते कोणत्या परवानग्या मागते हे आधी वाचावे. फोन सायलेंटवर नेण्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ची परवानगी मागणे रास्त आहे, कारण अँड्रॉइड ७ पासून ती लागतेच. बटणांचे काम बदलणारी ॲप्स मात्र बहुधा ॲक्सेसिबिलिटीची (मुळात अपंग व्यक्तींना फोन वापरणे सोपे व्हावे म्हणून ठेवलेली) परवानगी मागतात, आणि ती दिली की पडद्यावरचा मजकूर वाचण्याचा अधिकारही त्या ॲपला मिळू शकतो. ज्या फोनवर बँकेचे किंवा यूपीआयचे व्यवहार होतात, त्यावर मी अनोळखी ॲपला ही परवानगी देत नाही. आपल्या फोनची कंपनी आणि अँड्रॉइडची आवृत्ती कळवलीत, तर पर्यायांची नेमकी नावे सांगू शकेन.