पॉलिसी राहू द्या, आधी फ्लॅटचं बघा

नाशिकहून एका वडिलांचं पत्र आलंय. वय ५६, दोन वर्षांत निवृत्ती. धाकटा मुलगा नुकताच १८ वर्षांचा झाला; सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व, प्रमाणपत्र ५० टक्क्यांचं. एजंटने मुलाच्या जिवावर पॉलिसी सुचवलीय: दहा वर्षं दोन-दोन लाख भरा, बारा वर्षांनंतर पंचवीस वर्षं दरसाल दीड लाख घ्या, शेवटी २० लाख परत. घ्यावी का? जाता जाता लिहिलंय, "फ्लॅट आणि ४० लाखांच्या ठेवी मोठ्या मुलीच्या नावावर करतोय, तीच भावाला बघेल. त्याच्या हातात आम्ही पैसा देत नाही."

पॉलिसी घेऊ नका. परतावा जेमतेम पाच टक्के. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांनी दीड लाख म्हणजे आजचे पाऊण लाख, महिना सहा हजार! त्यात आठ हप्ते, म्हणजे १६ लाख, पगार थांबल्यावर भरायचे. आणि ज्याच्या कमाईवर कोणी अवलंबून नाही त्याचा आयुर्विमा कशाला? दिव्यांग मुलासाठी करात ७५,००० ची वजावट जुन्या करप्रणालीत आहे खरी, पण ती मुलाच्या उपचार-सांभाळाच्या खर्चावर मिळते. त्यासाठी ही पॉलिसी लागत नाही.

खरी काळजी फ्लॅटची वाटते. बक्षीसपत्र झालं की फ्लॅट मुलीचा. ती कितीही मायेची असो, उद्या तिचं बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं तर हिंदू वारसा कायद्याने तिचे पहिले वारस नवरा आणि मुलं. भावाला काही मिळत नाही. तेव्हा बक्षीसपत्र थांबवा. तुम्ही आणि पत्नी, दोघंही मृत्युपत्र करा. मुलाचा वाटा त्यातून ट्रस्टमध्ये जाऊ द्या, म्हणजे विश्वस्त तो त्याच्यासाठी सांभाळतील. विश्वस्त मुलगी आणि आणखी एक जण, त्यांच्यानंतर कोण तेही लिहा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत, ते लाभार्थींपैकी नकोत. वकिलाचे पैसे वाचवू नका.

हातात पैसा न देणं ही दुसरी चूक. अठरानंतर तुम्ही आपोआप त्याचे पालक राहत नाही, सही त्याची चालते. सौम्य दिव्यांगत्वात बहुतेकांना छोटे व्यवहार जमतात, पण सराव लागतो. त्याचं वेगळं बचत खातं उघडा, दर सोमवारी ५०० रुपये टाका, यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. शिल्लकच कमी, म्हणून फटकाही छोटा. पैसे जातात ते बहुधा मित्राला उसने देण्यात किंवा फोनवर ओटीपी सांगण्यात. रविवारी पासबुक घेऊन दोघं बसा, एकेक नोंद त्यालाच वाचायला लावा. बुधवारीच पैसे संपले तर सोमवारपर्यंत भर घालू नका.