चादरीच्या दुकानाच्या जाहिरातीत स्थानिक गायकाचं गाणं: तोंडी ‘हो’ पुरेल का?

नाही पुरणार. कॉपीराइट कायदा, १९५७ (कलम ३०) नुसार परवाना लेखी लागतो. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता, असं धरलं जातं. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा.

आधी गाणं कोणाचं ते बघा. हक्क दोन ठिकाणी असतात: शब्द-चाल एकीकडे, रेकॉर्डिंग दुसरीकडे. गायकाने शब्द मित्राकडून घेतले असतील आणि रेकॉर्डिंगचा खर्च तिसऱ्याने केला असेल, तर सह्या तिघांच्याही. आणि बीट (गाण्यामागचं तयार संगीत) ऑनलाइन विकत घेतलंय का, हे नक्की विचारा. बीटच्या स्वस्त लीजमध्ये (मर्यादित वापराच्या परवान्यात) जाहिरातीला बहुतेकदा मनाई असते. घोळ इथेच होतो.

कागदावर कोणते ३० सेकंद, कुठे (यूट्यूब, इन्स्टाग्राम, थिएटर, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला स्क्रीन), किती महिने, रक्कम, आणि कापाकापी वा शब्दबदल चालेल का, एवढं हवंच. दुसऱ्या चादरवाल्याला तेच गाणं मिळू नये असं वाटत असेल तर ‘एक्सक्लुझिव्ह’ (फक्त तुम्हालाच) लिहून घ्या. पैसे अर्थातच जास्त पडतील. कायमचे सगळे हक्क मागू नका, तुम्हाला ६ महिनेच लागणार.

गाणं डिस्ट्रिब्यूटरमार्फत (गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) टाकलेलं असेल तर यूट्यूबवर तुमच्याच जाहिरातीवर कंटेंट आयडी क्लेम (गाणं आपोआप ओळखून केलेला हक्काचा दावा) येऊ शकतो. प्रसिद्ध करण्याआधी गायकाकडून तुमचं चॅनल व्हाइटलिस्ट (अशा दाव्यातून वगळून) करून घ्या.