ईएसआय कापला जात होता, आता नोकरी गेली : भत्त्याचा दावा कसा करायचा?

प्रश्न : एका कारखान्यात तीन वर्षं होतो. पगार 18 हजार, ईएसआय (कामगार राज्य विमा) दरमहा कापला जायचा. ऑर्डर नाहीत म्हणून आमच्यातल्या काही जणांना नुकतंच कमी केलं. ईएसआयकडून भत्ता मिळतो म्हणतात. किती आणि कधी?

उत्तर : मिळतो, 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने'तून. रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि तीही आयुष्यात एकदाच. सरासरी काढायची रीत नीट समजून घ्या : मागच्या चार सहामाही वर्गणी कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई भागिले 730. दोन्ही वर्षं पूर्ण पगारावर वर्गणी भरली असेल तर तुमची कमाई 4,32,000 रुपये होते. रोजची सरासरी सुमारे 592, त्याचा निम्मा भाग 296, आणि 90 दिवसांचे साधारण 26,600 रुपये. मालकाने काही महिन्यांची वर्गणी भरलीच नसेल किंवा पगार कमी दाखवला असेल, तर बेरीज घटते पण भाजक 730 च राहतो. भत्ता कमी आल्याची तक्रार बहुतेकदा इथूनच सुरू होते.

पात्रतेसाठी सलग दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. शिवाय काम सुटण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी, आणि त्यामागच्या तीनपैकी एका कालावधीतही तेवढीच. कालावधी दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

काम सुटल्यावर 30 दिवस झाले की दावा करता येतो. काम सुटल्यापासून वर्षाच्या आत तो करावा लागतो. पुढच्या दिवसांचा आगाऊ दावा चालत नाही. मध्येच नवी नोकरी लागली तर तिच्या तारखेपर्यंतचेच पैसे मिळतात, त्यामुळे ती लपवू नका. खोटी माहिती दिली तर हक्क तर जातोच, वर कारवाई होते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून दाव्याआधी शाखा कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करा.

प्रश्न : कंपनी म्हणते, "राजीनामा लिहून द्या, म्हणजे हिशोब लवकर करू." सही करावी का?

उत्तर : करू नका. स्वतःहून सोडलेल्या नोकरीला, मुदतपूर्व निवृत्तीला आणि गैरवर्तनावरून झालेल्या बडतर्फीला हा भत्ता नाही. तुम्हाला कमी केलं जात असेल तर तसं पत्र मागा. शेवटच्या महिन्याची वर्गणी भरताना मालक ऑनलाइन कारण निवडतो. 'नोकरी सोडली' आणि 'छाटणी' हे तिथे वेगवेगळे पर्याय आहेत. घाईत चुकीचा पर्याय पडला की दावा अडतो, म्हणून तो कोणता निवडला ते विचाराच. कायद्यानुसार छाटणी झाली असेल किंवा कारखानाच बंद पडला असेल, तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिथे मदत 24 महिन्यांपर्यंत असते : पहिल्या वर्षी 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 25 टक्के.

प्रश्न : मालक अर्ज पुढे पाठवायला टाळाटाळ करतो. काय करावं?

उत्तर : त्याची वाट पाहू नका. मालकामार्फतच अर्ज करण्याची अट 2020 मध्येच काढली गेली. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करून दावा भरा, आधार आणि बँक पासबुकची प्रत जोडा. कागद अपलोड होत नसतील तर दाव्याची प्रिंट सही करून कागदांसह तुमच्या शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

पण दावा भरण्याआधी त्याच लॉगिनमध्ये वर्गणीचा तपशील बघा. तिथे तीन गोष्टी दिसतात. शेवटचा दिवस नोंदलेला नसेल तर तुम्ही नोंदीत अजून कामावरच आहात; एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते, त्यानंतर पुन्हा तपासा. आधारवरचं नाव आणि ईएसआयच्या नोंदीतलं नाव जुळतं का? आणि नव्या मालकाने जुना विमा क्रमांक न वापरता दुसरा काढला होता का? ही तिसरी अडचण सर्वांत नडते : दोन वर्षांची नोकरी दोन क्रमांकांत विभागली जाते आणि पात्र माणूस अपात्र दिसतो. दोन्ही क्रमांक, पगारपत्रकं आणि आधार घेऊन शाखेत जा, ते एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या, आणि तोवर दावा थांबवा.

बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर पासबुकवरचा आयएफएससी जुना असू शकतो, नवा टाका.