खात नाही म्हणजे हार मानली का?

"औषधांचं डॉक्टर बघतील हो, पण हे खातच नाहीत. मनावरच घेत नाहीत." केमोथेरपी सुरू झालेल्या रुग्णांच्या घरच्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. या बाई तर वहीच घेऊन आल्या होत्या: किती वाजता, किती घास, किती टाकलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

यजमान गप्प बसून होते. "तोंडाला चव कशी लागते?" मी त्यांना विचारलं.

"लोखंड चघळल्यासारखी. आणि ही वाटी घेऊन आली की वासानंच ढवळायला लागतं."

बाई चमकून बघतच राहिल्या. घरात रोज विचारलं जायचं ते एवढंच, "संपवलं का?"

केमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा, तसंच तोंडाचं आणि आतड्याचं अस्तरही. आतड्यातून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. यात मनावर घेण्याचा प्रश्न येतोच कुठे?

बोलता बोलता आणखी एक कळलं. मळमळीची गोळी ते अगदीच असह्य झालं तर घेत. "आधीच एवढी औषधं, त्यात ही कशाला?" पण ही गोळी ठरवून दिलेल्या वेळीच, मळमळ सुरू व्हायच्या आत घ्यायची असते. उलट्या एकदा सुरू झाल्या की आवरणं अवघड. ऑनडॅनसेट्रॉनसारख्या मळमळीच्या गोळीमुळे पोट साफ होत नसेल, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगायचं. पोट तुंबलेलं असताना भूक लागणार कशी?

वही बंद करायचं ठरलं. मला त्या वहीचा राग नव्हता. दुसरं काही हातात नसलं की माणूस मोजत बसतो. भरल्या ताटाऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडंसं, तेही गार किंवा कोमट, म्हणजे वास कमी येतो. स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा. पाणी जेवताना पोटभर नको, मधल्या वेळात घोट घोट. केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ मुद्दाम टाळायचा, कारण मळमळीशी सांगड बसली की पुढे तोच नकोसा होतो. तोंड आलं तर लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून हलक्या हातानं चुळा भरायच्या.

सगळ्यांत अवघड गेली ती वेगळीच अट: त्यांनी "आता नको" म्हटलं, की तासभर पुन्हा विचारायचं नाही. पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, "अहो, सकाळी यांना बरं असतं, हे मला माहीतच नव्हतं." मग दिवसाचं मुख्य खाणं सकाळवर आणलं.

हे सगळं घरी सांभाळण्याजोगं. पण दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, ताप १०० च्या वर सरकत असेल, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, जुलाब थांबत नसतील किंवा वजन झरझर उतरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी उपचार करणाऱ्या टीमला फोन लावा.