ती एफडी नाही, पॉलिसी आहे

चिमूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र: ‘ताडोब्याच्या गेटजवळ आमची ४ एकर धानाची शेती. रस्त्यालगतचा १ एकर रिसॉर्टला १८ लाखांत विकला. बहिणींचे हिस्से, जुनं कर्ज, लग्न यातून ९ लाख उरले. त्यातल्या ३ लाखांची बँकेत एफडी केली. दरवर्षी तेवढेच, असे १० वर्षं भरायचे. कागद १२ दिवसांपूर्वी आले. आता १२ लाख कर्ज काढून पर्यटकांसाठी ४ खोल्या बांधू का? खोलीला दिवसाला २,५०० आणि वर्षाचे २०० दिवस धरलेत. रिसॉर्टनं तार लावल्यापासून बांधीत (धानाच्या शेतात) जायची वाटही बंद आहे.’

भाऊ, खोल्यांचं नंतर बघू. दरवर्षी भरावी लागते ती एफडी नसते. तुमच्या गळ्यात विमा पॉलिसी मारली आहे. ३ लाखांप्रमाणे १० वर्षांचे ३० लाख होतात आणि जमीन विकली १८ लाखांना! उरलेल्या ३ एकरांतून वर्षाला ३ लाख बाजूला पडतात का? दुसरा हप्ता चुकला तर पहिल्यातला मोठा भाग बुडेल. सगळे भरले तरी अशा ‘हमी’च्या योजनांतून साधारण ५-६ टक्केच सुटतात.

सुदैवानं पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमच्याकडे १८ दिवस आहेत. बँकेत नाही, विमा कंपनीच्या शाखेत जा. ‘फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करावी, एफडी सांगून विकली’ असा अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. मुद्रांक, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा आकार कापून बाकी रक्कम खात्यात येते. बँकेतला माणूस ‘साहेब, एक वर्ष थांबा’ म्हणेल. त्याचं ऐकाल तर मुदत संपेल. कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या (IRDAI) १५५२५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घरच्यांसाठी विमा हवाच, तो साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) वेगळा घ्या.

आता खोल्या. दिवसाला २,५०० आणि वर्षाचे २०० दिवस हा हिशेब रिसॉर्टची पाटी बघून केलेला दिसतो. कोअरची (जंगलाच्या आतल्या भागाची) सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, मंगळवारी सुट्टी, गर्दी शनिवार-रविवारची. खोलीमागे ९० रात्री धरा, दर १,५००. चार खोल्यांचे ५.४ लाख. चादरी, स्वयंपाक, वीज, गाडीवाल्यांचं कमिशन यात निम्मे जातील. उरले २.७ लाख. १२ लाखांचा ७ वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी महिना २०,५००, म्हणजे वर्षाला अडीच लाख, आणि तो पावसाळ्यातही भरायचा. घरच्यांची मेहनत फुकट गेली. कर्ज न काढता, पॉलिसीचे पैसे परत आल्यावर, ५ लाखांत दोनच खोल्या बांधा आणि पर्यटन खात्याच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदवा. बाकीचे ४ लाख खऱ्या एफडीत ठेवा.

वाटेचं मात्र या आठवड्यातच करा. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. सातबारा, गटाचा नकाशा, तारेचे फोटो आणि ती वाट वापरणाऱ्या शेजाऱ्यांची नावं जोडा. ट्रॅक्टर आत जाणार नसेल तर पुढचा खरेदीदार उरलेल्या ३ एकरांचा भाव पाडून मागेल, आणि गेटजवळ असा खरेदीदार बहुतेक तोच रिसॉर्टवाला असतो.