मालवणात असतो, पावसाळाभर बंद ठेवलेला लॅपटॉप आता चार्जर लावूनही चालू होत नाही, लाईटपण लागत नाही, मदरबोर्ड गेला का?

बोर्ड गेला असं लगेच धरू नका, आधी चार्जरचे १९ व्होल्ट बोर्डावर कुठपर्यंत पोचतात ते मल्टिमीटरने बघा. रत्नागिरीत रिपेअरिंग करतो म्हणून सांगतो, आपल्याकडे खाऱ्या दमट हवेने चार्जिंग जॅक नि बारीक पार्टांच्या पायांना हिरवट गंज चढतो आणि बऱ्याचदा घोळ तिथेच असतो. पहिलं चार्जरच्या पिनला व्होल्टेज बघा, मग बॅटरी काढून जॅकपाशी, मग पुढच्या दोन मॉस्फेटच्या (करंट चालू-बंद करणारे छोटे स्विच) पलीकडे. अलीकडे येतं पण पलीकडे नाही तर चार्जर काढा नि पलीकडच्या लाईनचा ग्राउंडशी (बोर्डाची मायनस बाजू) रेझिस्टन्स मोजा, एक-दोन ओहम आला म्हणजे शॉर्ट, आणि ते काम बहुतेक वेळा एखाद्या तपकिरी सिरॅमिक कॅपॅसिटरचं. शॉर्ट नसेल तर ३.३ आणि ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाईन (पॉवर बटण दाबायच्या आधीच चालू असतात त्या) बघा. गंज आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रश मारून काढा (सॅनिटायझर नको हां, त्यात पाणी असतं). फक्त हे सगळं गोल पिनवाल्याचं झालं, टाइप-सी असेल तर आधी ५ व्होल्टच येतात नि मग चार्जर-बोर्डाचं जुळलं की साधारण २० होतात, ५ वरच अडकलं तर केबल, पोर्ट आणि टाइप-सीची चिप बघा.